पाणी मुरतंय

हॅलिफॅक्सच्या चढावर, दगडी घरांच्या ओळीत
आमचं घर शेवटून दुसरं.
नोव्हेंबर लागला की त्याच्या काचांना घाम फुटतो
आणि सकाळी साडेसहाला मी
जुन्या पायजम्याचा एक पाय घेऊन खिडकीपाशी उभा.
पुसतो, पिळतो, पुन्हा पुसतो.
तिघांनी रात्रभर टाकलेले श्वास
वाटीभर निघतात, काळपट.

कपाटामागे बुरशी.
आधी मोहरी सांडल्यासारखी,
मग भाजणी करपावी तसा अख्खा कोपरा.
पापड सादळले, काडेपेटी सादळली,
माझी डिग्री सादळून
पोळीसारखी मऊ झाली, घडी घालता येईल अशी.
केतकीचा खोकला रात्री दोनला.
मग चारला.

घरमालकीण मिसेस अ‍ॅक्रॉइड आल्या,
कोट न काढता म्हणाल्या,
तुम्ही फार शिजवता. कपडे आत वाळवता.
आधीच्या भाडेकरूच्या वेळी असं काही नव्हतं.
आधीचा भाडेकरू एकटा होता,
दिवसभर पबात, रात्री कागदातल्या चिप्स,
हे शेजारच्या डोरीननं नंतर सांगितलं.
मी गप्प. मनात म्हटलं,
तीन शिट्ट्यांचं वरण दोनवर आणू का, बाई?
श्वास किती घेतलेला चालेल?
वसुधा मात्र हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत बोलली,
"कुठेतरी पाणी मुरतंय."
आणि आम्हा दोघांना एकदमच कळलं,
या घरात हा वाक्प्रचार नाही,
अहवाल आहे.

कौन्सिलचा माणूस येऊन
भिंतीला दोन सुया टोचून गेला.
जानेवारीत क्लाइव्ह आला, गुडघे कुरकुरत माळ्यावर चढला,
जिन्यावरच्या छताला गोल भोक पाडलं,
वर ढोलकीएवढा डबा टांगला.
म्हणाला, घर गळत नाहीये, गुदमरतंय.
शंभर वर्षं फटींतून श्वास घेत होतं बिचारं.
मग आम्हीच धुराडी बुजवली, दुहेरी काचा लावल्या,
ऊब राखायला.
आता माळ्यावरची कोरडी हवा गाळून आत ढकलायची,
जुनी आपोआप वाट शोधते.
आणि भांड्यावर झाकण ठेवा, एवढं करा.
चहा? विचारलं मी.
दोन चमचे साखर, म्हणाला. झाकण ठेवून.

पहिल्या रात्री आम्ही कान लावून पडलो.
माळ्यावर कुणी पाहुणा असावा,
घोरत नाही, कूसही बदलत नाही,
नुसता जागा.
वसुधा म्हणाली, जिन्यावर मानेला गार लागतं.
म्हणाली, बिल किती येईल.
म्हणाली, काल दोनला खोकला नाही आला.
टेबलावरच्या काट्यावर अठ्ठ्याहत्तर.
आठवड्यानं एकोणसत्तर.
मग एकसष्ट, आणि फोडणी दिली की परत सत्तर.
फेब्रुवारीत एकदाचे सत्तावन्न.
मी हा आकडा आईला फोनवर सांगितला,
ती म्हणाली, परीक्षेत का रे?

एक सांगायचं राहिलं.
मी पुसायच्या आधी केतकी उठायची,
ओल्या काचेवर बोटानं अक्षरं काढायची.
क, म, ल जमलं होतं. ळ जमत नव्हता.
त्याच्या दोन्ही पोटांतून पाणी ओघळायचं
आणि मी वाचेपर्यंत
अक्षर पार खिडकीच्या चौकटीत जाऊन बसायचं.

परवा ती बोट उगारून तशीच उभी.
काच कोरडी. पलीकडे चढ, बस, समोरच्यांचा कचऱ्याचा डबा,
सगळं स्वच्छ.
बाबा, पाटी कुठे गेली?

मला उत्तर सुचेना. क्लाइव्हलाही सुचलं नसतं.
ती जरा थांबली, मग काचेला ओठ टेकवून
मोठ्यानं म्हणाली, हाऽऽ
आणि तेवढ्या धुक्यात घाईघाईनं
ळ.
या वेळी ओघळला नाही.
कडेकडेनं विरत गेला, जागच्या जागी.

पायजम्याचा पाय हातात, कोरडा.
कोपऱ्याचा डाग अजून तसाच आहे.
रंग मार्चमध्ये, मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणतात.