हद्द

भिडे पुलाखाली, जलपर्णीत अडकलेला एक माणूस.
डेक्कनवाले म्हणाले, विश्रामबागची हद्द.
विश्रामबागवाले म्हणाले, प्रेत वरून वाहत आलंय.

हवालदार शांतवन भालतिलक टेप धरून उभे,
बूट गाळात.
मोशेच्या काळीही मापत असत:
रानात कुणी मारून टाकलेला सापडला
की प्रेतापासून गावापर्यंत.
जवळचं निघेल त्या गावानं पुढं यायचं,
ओढ्यावर कालवड द्यायची, हात धुवायचे,
मोठ्यानं सांगायचं, आम्ही नाही मारलं.

म्हणजे आधी
जवळ असल्याचं कबूल करायचं.

"किती भरलं?" पुलावरून साहेब.
भालतिलकांनी आकडा सांगितला नाही.
मेलेल्याच्या मनगटावर
कुणीतरी बांधलेला लाल दोरा,
गाठ अजून पक्की.