पकड

पुण्याहून बदली झाली तेव्हा सामानात
एक काळा हाकामा होता, सात घड्यांचा,
आणि मनगटांना लागलेली चार वर्षांची सवय.

नाशकात आयकिडो मला सापडला नाही.
कॉलेज रोडच्या जिममधला पोरगा म्हणाला,
"म्हणजे कराटेच ना, मॅडम?"
सिडकोत एका मंगल कार्यालयात, लग्नतिथी नसेल त्या दिवशी,
तायक्वांदो: चाळीस मुलं, एक शिट्टी,
व्यासपीठावर उरलेली झेंडूची माळ.
सर म्हणाले, "तुमच्या वयाला योगा बरा."
जुन्या नाशकातल्या तालमीच्या दारातून
तेलाचा आणि मातीचा वास घेऊन परतले.
कुणी नाही म्हटलं नाही, कुणी या पण म्हटलं नाही.
रविवारी पुण्याला जाऊन यायचं गणितही मांडलं:
संगमनेर, नारायणगाव, चाकणचा खोळंबा,
साडेपाच तास जायला, नव्वद मिनिटं पडायला.
तीनदा गेले. चौथ्यांदा सिन्नरलाच उतरून
वडापाव खाल्ला आणि परतीची एसटी धरली.

मग पंचवटीत, निमाणीच्या मागे,
खैरनार मॅडमचा ज्युदो. पत्र्याची शेड.
पोलिसातून निवृत्त, एका गुडघ्यावर पट्टा.
"आधी काय शिकलात?"
सांगितलं.
"बरं. पडून दाखवा."
मी पडले. माझं पडणं गोल होतं,
खांद्यावरून कमरेकडे, आवाज न करता.
मला त्याचा अभिमान होता.
"छान. पण इथं लोळायला कुणी वेळ देत नाही.
हात आपटायचा.
जमिनीला कळलं पाहिजे, तुम्ही आलात."

जोडीला रुचा बोरस्ते. आठवी ब. दातांना तारा.
मी मनगट पुढे करून उभी.
चार वर्षं हेच: समोरचा येतो, धरतो,
मग त्याच्याच जोराला वाट काढून द्यायची.
रुचा मनगटाकडे बघत राहिली.
"काकू, याचं काय करू?"
आणि बाही-कॉलर धरून टाकून दिलं मला.
पत्रा. पत्र्याखाली कबुतर. पुन्हा पत्रा.
"तुम्ही धरा," मॅडम तिकडून. "तुम्ही आधी धरा."

मी पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये असते.
दिवसभर पोरींना सांगते,
घड देठाला धरा, मण्यावरची साय पुसू नका,
बोट लागलं की माल गेला.
घरात, ऑफिसात, दोन वर्षं चाललेल्या त्या तारखांना
मी कुणाला आधी धरलेलं आठवत नाही.
कुणी ओढलं की वळायचं. वळणं मला येतं.
समोरचे वकील आमच्या वकिलांना म्हणाले होते,
तुमच्या बाई फार समजूतदार आहेत.

डिसेंबरात निफाडची थंडी शेडमध्ये येऊन बसते.
कॉलर धरून धरून बोटांची कातडी सोलली.
सोमवारी घडाला हात लावेना.
मोजे चढवले, मोज्यात झोंबत राहिलं.

पुण्याच्या सरांना फोन केला. म्हटलं, विसरत चाललेय.
ते पलीकडे काहीतरी चिरत होते.
"अंग विसरत नसतं. रुसतं फक्त."

हाकामा अजून बॅगेत आहे, डांबरगोळ्या घालून.
घड्या मोडलेल्या नाहीत.
बुधवारी सात वाजले की मी घड्याळ बघते.

काल रुचाची कॉलर धरली. आधी.
टाकता आलं नाही. ती हसली तारांसकट,
पाय लावला, मी खाली.
पण बाहीचं जाड कापड मुठीत तसंच.
मॅडम म्हणाल्या, "सोडा, वैजयंती. संपलं."
मी हो म्हटलं.
सोडायला थोडा वेळ लागला.