कारकुनाचं तिकीट

लक्झरला नदी ओलांडली की मेलेल्यांचे दर लागतात.
राजे महाग, एक राणी त्याहून महाग,
कारकून स्वस्त.
आम्ही कारकुनाचं तिकीट घेतलं.

चढावर शाझली बसला होता.
प्लास्टिकच्या खुर्चीचा मोडका पाय दगडावर टेकवून,
मांडीवर फडक्यात गुंडाळलेला आरसा.
न्हाव्याच्या दुकानात असतो तसा,
एका कोपऱ्यात पारा उडालेला.
"आत दिवा नाही," तो म्हणाला, "ऊन आहे."

आणि सकाळी नऊचं ऊन त्यानं
हट्टी वासराला कान धरून गोठ्यात न्यावं
तसं दारातून आत नेलं.
आत त्याचा नातू उभा,
पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून.
उन्हानं पोराच्या हातावर वळण घेतलं
आणि भिंतीवर आधी एक बदक उठलं.

मग गव्हाची रास. मग रास मोजणारे.
मग मोजणाऱ्यांवर नजर ठेवणारा,
आणि त्याच्यावर नजर ठेवणारे हे आमचे कारकून,
कानामागे लेखणी, पोट जरासं सुटलेलं.
(ऑफिसात असेच एक आहेत, बहीण कुजबुजली.)
उजवीकडची भिंत अर्धीच.
लाल रेघांच्या चौकटीत एक माणूस
बिनचेहऱ्याचा उभा, ओंजळ पुढे करून.
"पैसे संपले?" मी विचारलं.
"नाही," शाझली म्हणाला, "माणूस संपला."

तो मोडकं इंग्रजी बोलतो, पण थांबून, तोलून,
पावशेर मागितलं तर पावशेरच देणाऱ्या वाण्यासारखं.
हे सगळं कुठं शिकलात?
त्यानं बोट छताकडे नेलं.
"वर माझं घर होतं.
ही आमची मागची खोली.
बदकाखाली शेळी बांधायचो.
शेळीनं बदकाला कधी काही केलं नाही."

मग सरकारनं डोंगर मोकळा केला.
घराच्या दर्शनी भिंतीवर
आजोबांच्या हजचं विमान रंगवलेलं होतं,
निळं, चाकांसकट, खिडकीत आजोबा.
भिंत पाडायला आलेल्या माणसाला शाझलीनं विचारलं,
चित्र आहे, ठेवता येईल का?
किती जुनं?
साठ वर्षं.
तो माणूस वाईट नव्हता. त्यानं मान हलवली,
पुरेसं जुनं नाही, म्हणाला.

आता शाझली खाली नव्या वस्तीत राहतो.
नळ आहे, वीज आहे, चढ नाही.
रोज सकाळी तासभर चढून
आपल्याच मागच्या खोलीच्या दारात बसतो.
पगार आहे, टोपी आहे.

"एक दाखवतो," तो म्हणाला. "तिकिटात नाही."
नातवाला त्यानं काहीतरी सांगितलं.
उजेड कारकुनाच्या डोक्यावरून वर गेला,
छताच्या कोपऱ्यात थांबला.
तिथं तळहाताएवढा काळा चौकोन.
बाकीचं छत एका परदेशी बाईनं
दोन हिवाळे पाठीवर झोपून
ओल्या कापसानं पुसून काढलं.
एवढाच तुकडा तिनं तसाच ठेवला,
आधी किती घाण होती ते कळावं म्हणून.

"आईची चूल," शाझली म्हणाला.
"नफीसा. शेणी जाळायची. थंडीत उसाची चिपाडं."

आम्ही माना वर करून उभे.
मी वास येतो का पाहिलं. नाही आला.
पोराचे हात भरून आले असावेत,
उजेड थरथरला.
त्यानं अरबीत काही विचारलं,
बहुधा, खाली करू का?
शाझली वरच बघत होता.
एकच शब्द म्हणाला,
आणि पोरानं पुठ्ठा
पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

उतरताना बहिणीनं विचारलं, किती दिलेस?
मी आकडा सांगितला.
नावेत बसेपर्यंत ती गप्प होती.
मग म्हणाली, ती चूल, ती कुठल्या बाजूला असेल रे?
आणि आम्ही दोघं
मागे त्या उघड्या डोंगराकडे बघत राहिलो,
जिथं सगळं अगदी
नीट राखलेलं दिसत होतं.