हे बटण कुणाचं?

सांगलीच्या मार्केट यार्डात
राजापुरी हळदीचे ढीग ओलांडून
तिसऱ्या गाळ्याच्या पायऱ्या चढायच्या, तर शिंक येतेच.
ती ऐकून मगदूम दिवाणजी
वर न बघता म्हणायचे, "आली सॉफ्टवेअर."

चार टॅब दिले होते मी त्यांना:
आवक, सौदा, वजन, पट्टी.
आणि चौघांच्या डोक्यावर एका ओळीत
नवीन, जतन, छापा, रद्द,
दुकानाच्या फळीवर डबे मांडावेत तशी बटणं.
एकदाच मांडली की झालं.
जागा वाचते, कोडही वाचतं.

होळीच्या आदल्या दिवशी, भाव तेजीत,
दिवाणजी 'वजन'मध्ये होते.
कुणा बाळगोंडाच्या सात पोत्यांची
सत्तर पडली हातून,
म्हणून त्यांनी रद्द दाबलं.

आणि गेलं.
वजन गेलं, सौदा गेला, आवक गेली,
सकाळपासूनचा दिवसच गेला
पाटी ओल्या फडक्यानं पुसावी तसा.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
मी पोचले तेव्हा
तारेला टोचलेल्या कच्च्या चिठ्ठ्या काढून
पुन्हा लावत बसले होते.
एवढंच विचारलं,
"पोरी, हे बटण कुणाचं?
ह्या पानाचं, का समद्या वहीचं?"

मी सांगायला लागले, वर आहे म्हणजे सगळ्यांचं...
"वर म्हंजे? माझी नदर पानावर.
छपरावर काय लिवलंय ते कोण बघतंय?"

मग मी त्यांचं टेबल बघितलं.
दोन वर्षं येत होते, बघितलं नव्हतं.
शिक्का, शाईची उशी, टाचण्यांची डबी,
ही टेबलाची. कुठलीही वही उघडा, जागची हलत नाहीत.
पण आवकेच्या वहीला तिची पेन्सिल, सुतळीनं बांधलेली.
पट्टीच्या पुस्तकात तिचाच कार्बन.
खोडरबर मात्र कुठंच दिसेना.
"त्यो खिशात," म्हणाले.
"असली वस्तू उघडी ठिवत न्हाईत."

रात्री विश्रामबागच्या खोलीत
मी ती ओळ तोडली.
तारीख, पेढीचं नाव, बाहेर पडा,
एवढंच राहिलं टॅबच्या वर.
बाकीचं ज्याचं त्याच्या घरात नेलं.
रद्दचं नाव पूर्ण लिहिलं: हे वजन रद्द करा.
लांब झालं. होऊ दे.

तरी चुकलेच.
जिथं जागा मिळाली तिथं बसवलेलं सगळं:
'सौदा'त जतन डावीकडे, 'वजन'मध्ये उजव्या कोपऱ्यात,
हात अंधारात कडी शोधावी तसा फिरायला लागला.
दिवाणजींची सवय अशी, की आधी बोट काचेवर टेकायचं,
मग माउस हळूहळू त्या बोटापर्यंत आणायचा.
आठवड्यात स्क्रीनभर हळदीचे ठिपके.
सगळ्यात दाट ठिपका
'आवक'मधल्या जतनवर.

मी फडकं भिजवून आणलं,
पण पुसलं नाही.
चारही टॅबमधलं जतन
त्या एका पिवळ्या ठिपक्याखाली आणून ठेवलं.
'पट्टी'त तर जतन करायला काही नसतंच.
तिथं पुसट केलं, काढलं नाही.

त्यांनी चारही उघडून बघितले.
बोट, माउस, बोट, माउस.
"ह्ये पट्टीतलं झोपलंय."
हो, म्हटलं.
"झोपू दे. जागा त्याची हाय."

मग चहा सांगितला, बिनसाखरेचा त्यांना, मला दुप्पट साखरेचा.
खाली सौद्याचा पुकारा सुरू झाला होता.
मी रद्दकडे बघत बसले.
घर दिलं, नाव दिलं,
आहे अजून उघड्यावरच.
सॉफ्टवेअरला खिसा कुठं शिवायचा
ते मला सुचलेलं नाही.