चार बोटं

चौतीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली.
भिंतीचा रंग रेल्वे ठरवायची,
दर खेपेला तोच पिवळा.
खिळा ठोकायचा तरी धाकधूक,
जणू हे घर नाही, वॅगन आहे
आणि रात्रीतून कुठल्याही गाडीला जोडतील.

म्हणून जामनेर रोडला
दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या नावावर झाल्या तेव्हा
कोकिळा म्हणाली, आता जुनं करू या.
नवं घर. जुनं करू या.

आमच्याकडे जुनं काही नव्हतंच.
वडील खलाशी.
मागे ठेवला एक हातकंदील,
हिरवी काच तडकलेली.
बाकीची परंपरा विकत आणायची होती.

प्रेरणा पुण्याहून चित्रं पाठवायची:
पाण्यावर तरंगणारी शेवंती, खणाच्या उशा,
झोपाळ्याच्या पितळी कड्या,
आणि एका भिंतीवर उपडं टांगलेलं खापर.
कोकिळाने चष्मा वर केला.
मांडे करायचं खापर? भिंतीला?
दोन दिवस बोलली नाही.
मग म्हणाली, टांगू.
पण कानबाईला उतरवायचं, आणि तापवायचं.

घंगाळ वजनावर घेतलं.
त्याला पोचा होता.
दुकानदार म्हणाला, पोच्यामुळेच तर खरं वाटतं.

दार चोपड्याच्या वखारीत उभं होतं,
भिंतीला पाठ लावून,
कुणी रागे भरलेल्या पोरासारखं.
सागवानी, दोन फळ्यांचं,
वर कमळ, कमळाची एक पाकळी गेलेली.
कुणाच्या घरचं, वखारवाल्याला आठवेना.
केळी उतरवून परत येणाऱ्या टेम्पोतून आलं.
लिफ्टमध्ये मावेना.
पार्सल ऑफिसातले माझ्या वेळचे चार हमाल आले,
जिन्यात प्रत्येक वळणाला
त्याला आडवं, उभं, तिरपं करत,
घाम पुसत, एकमेकांना शिव्या देत.

सुपडू मिस्तरीने टेप लावला.
दादा, चार बोटं कापा लागतीन.
वरून?
वर कमळ हाये. खालून.

मे महिना. पंख्याची हवासुद्धा भाजत होती.
रंधा मारायला त्याने डावी फळी उलटी केली
आणि थांबला.
आतल्या बाजूला खिळ्याने ओढलेल्या रेघा.
लोटन. भिका. सिंधू.
प्रत्येक रेघेशी आखाजी, आणि साल.
लोटन दरवर्षी वर सरकत गेलेला,
मिस्तरीच्या खांद्यापर्यंत.
भिका गुटगुटीत असावा, उंचीत मागे.
सिंधूच्या तीनच रेघा.
तिसरी माझ्या कमरेशी.
पुढे?
मिस्तरी म्हणाला, मामाकडे शिकाले गेली आसंन.
बाकीचं बोलू नोका.

त्याने त्या फळीला रंधा लावला नाही.
करवत मात्र लावली.
भुसा पडला, ताज्या सागाचा वास आला,
सत्तर वर्षांनंतरही ताजा.
आणि दार बसलं.
बिजागरी एकदाच कुरकुरली, तेल घातल्यावर गप्प.
शेजारचे फालक बघून गेले,
म्हणाले, व्वा, आपल्या गावाकडचं का?
कोकिळा हो म्हणाली.
मी पाणी आणायला आत गेलो.

कापलेली पट्टी तिने घंगाळाखाली सारली,
ते डुगडुगायचं थांबलं.

रात्री पाणी प्यायला उठलो
तर रेघांवर रस्त्याचा उजेड.
हिशोब करायची सवय जात नाही:
दार खालून कापलं म्हणजे
लोटन चार बोटं बुटका झाला,
भिका चार बोटं,
सिंधू.

आखाजीला प्रेरणा आली, ईराला घेऊन.
आमरस खाऊन पोरगी
हातभर पिवळी, दाराशी गेली.
आजी, मला पण रेघ!
टाच टेकव, कोकिळा म्हणाली,
डोक्यावर फुटपट्टी धरली,
पेन्सिल शोधू लागली.
आई बघ, मी आणि ही सिंधू सेम टू सेम!
सगळे हसले.

मी जवळ गेलो.
तिच्या डोक्यावर चार बोटं आडवी धरली, हवेत,
टेकू न देता.
आबा, काय करताय?
काही नाही, म्हटलं,
माशी होती.