अकरा पावलं

बाबांच्या खोलीपासून माझ्या टेबलापर्यंत
अकरा पावलं. दोन तास झाले,
त्यांचा स्क्रीन इकडे येत नाही.

पिंग जातं, परतत नाही.
फायरवॉल उघडली, राउटर बंद करून
तीस आकडे मोजले, पुन्हा लावला.
काळी चौकट. मग तीही नाही.

"अरे, इथे येऊनच बघ की!"
मुद्दाम जात नाही.
सोसायटीच्या टँकरचा हिशोब
ते अजून स्वतः भरतात,
आणि मी शेजारी उभा राहिलो की
उजवा हात मांडीखाली घेतात.

"पत्ता परत वाचा."
टिंबासकट वाचतात, ठणठणीत आवाजात.
शून्य म्हणाले होते ते मघाशीही;
मी एक लिहिला,
आपल्या घरात एकच असतो म्हणून.
यंत्र वरच्या भागवतांच्या वायफायला चिकटलेलं,
दिवाळीपासून!

जोडलं. उघडलं.
बिबवेवाडी, मार्च, सात टँकर.
आणि बाण,
रकान्याच्या कडेवर थरथरणारा,
त्याला मांडी नाही.

मी माउस धरून
बाण हलकेच चौकटीत ढकलला.

"सोड. माझं मी भरतो."

सोडला.
आठव्या टँकरला चार मिनिटं लागली.
बेरीज बरोबर होती.