चुना

वर्क्सवर्थला येऊन अकरा वर्षं झाली.
धंदा काय विचारलं की सांगतो, लोकांना चुना लावतो.
हसायला इथे कुणी नसतं,
मग आपणच हसतो आणि घमेलं उचलतो.

ऑलरेडांचं घर उतारावर, चर्चच्या मागच्या बोळात.
दारावर कोरलंय सतराशे एकतीस,
त्यातला तीन कुणा नवशिक्याने उलटा काढलेला.
शिशाच्या खाणीत पैसा झाला तेव्हा पुढची खोली बांधली,
खाणीत पाणी शिरलं तेव्हा मागची विकली,
ती शेजाऱ्याकडून सोडवायला नव्वद वर्षं लागली.
म्हणून मधल्या भिंतीत एक दार बुजवलेलं,
आणि दोन्हीकडच्या जमिनी चार बोटं खालीवर.
बाई म्हणाल्या, इथे सगळेच ठेचकाळून शिकले.

बाई म्हणजे मिस डोरीन क्लेग. वय ब्याऐंशी.
ओल आलीय म्हणून बोलावलं होतं.
हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवली.
बद्द आवाज. सिमेंट.
बाहत्तर साली कुणा भल्या माणसाने
दोन इंच जाड चिलखत चढवलं होतं घराला,
पाऊस आत येऊ नये म्हणून.
आत होता तो पाऊस बाहेर जायचा राहिला.

सहा आठवडे नुसतं खरवडतच होतो.
कौन्सिलची बाई दर मंगळवारी वही घेऊन यायची.
संरक्षित घर, खिळा ठोकायचा तरी अर्ज.
चुना कुठला, वाळू कुठली, केस कुठल्या बोकडाचे,
सगळं उतरवून घ्यायची.
मी डोरीनबाईंना सहज म्हटलं,
माझा बाप चुन्यात गूळ घालायचा,
हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर.
दुसऱ्या दिवशी त्या काकवीचा डबा घेऊन हजर,
झाकण चमच्याने उचकटलेलं.

धुराड्यात हात कोपरापर्यंत गेला
तेव्हा एक बूट लागला. एकच.
डाव्या पायाचा, लहान मुलाचा, तीन ठिकाणी ठिगळ.
इकडच्या जुन्या घरांत सापडतात असे.
वाईट काही वरून उतरलंच
तर बुटात शिरून अडकावं म्हणे;
आपण दाराला बिब्बा टांगतो, त्यातलाच प्रकार.
कौन्सिलची बाई म्हणाली, संग्रहालयात द्या.
डोरीनबाईंनी तो मांडीवर घेतला,
अंगठ्याने टाच चोळत बसल्या,
काजळी झग्याला लागली तरी.

मग म्हणाल्या, मी ऑलरेड नाही.
एकोणचाळीसच्या सप्टेंबरात मँचेस्टरच्या गाडीतून उतरले,
कोटाला चिठ्ठी, गळ्यात गॅसच्या मुखवट्याचं खोकं. सहा वर्षांची.
हॉलमध्ये सगळी मुलं वाटून झाली, मी उरले.
म्हाताऱ्या ऑलरेडने विचारलं, हिला काम येतं का?
त्याची बायको म्हणाली, आधी पायाचं माप विचार.
लढाई संपली. न्यायला कुणी आलं नाही.
त्यांची दोन्ही मुलं गेली, एक कॅनडात, एक दारूत.
घर मला मिळालं असं म्हणतात लोक.
मी घराला उरले.

इतकंच. मग चहा ठेवला.

बूट आम्ही जागच्या जागी ठेवला.
सोबत त्यांनी एक मळका पुठ्ठा दिला,
भोक पाडलेला, दोरी तुटलेली,
नाव पुसट, आकडा स्पष्ट.
मी दगड बसवत होतो तेव्हा मागून म्हणाल्या,
डावीकडे फट राहिलीय.

शेवटचा हात ऑक्टोबरात मारला, हिव पडायच्या आधी,
वर ओलं गोणपाट पांघरलं.
चुना नुसता वाळत नाही, बाई,
हवा पीत पीत तो परत दगड होतो.
किती दिवसांत?
आतपर्यंत म्हणाल तर शंभर वर्षंसुद्धा.
बरं, म्हणाल्या, थांबते मी.

एका घमेल्यात मी चमचाभर काकवी टाकली होती.
वहीत त्याची नोंद नाही.